प्यो साहेबांची तपासणी

प्यो साहेबांनी आत येताच खुंटीवरच्या कोटाला कमरेत वाकून नमस्कार केला आणि दल-सूनं हसू येऊ नये म्हणून जीभ चावली.

"बरं चाललंय ना?" साहेबांनी कोटाला विचारलं.

"चाललंय साहेब," दल-सू दुसऱ्या कोपऱ्यातून म्हणाला.

साहेब सावकाश वळले. दल-सूनं नजर त्यांच्या कानाच्या वर, भिंतीवर नेऊन ठेवली. युक्ती चांगली होती. एखादा कच्चा माणूस हसला असता आणि परवाना घालवून बसला असता.

आरोग्य कार्यालयाचे प्यो साहेब अशा युक्त्यांसाठी प्रसिद्धच होते. काही वर्षांपूर्वी त्यांनी नुसतं नाणं घरंगळत सोडून शेजारच्या वस्तीतलं दुकान बंद पाडलं होतं. देशाचा कायदा साधा होता. मालिशचा परवाना आंधळ्यालाच. दल-सूचे डोळे लहानपणी गोवरात गेले, अंधशाळेत तो मालिश शिकला आणि हे तळघरातलं दुकान त्यानं अंगठ्यांच्या जोरावर उभं केलं. मग गेल्या वर्षी कुण्या मेलेल्या माणसाचं बुबुळ त्याच्या उजव्या डोळ्यात बसवलं गेलं आणि त्याला दिसायला लागलं.

बायकोचा, माक-ऱ्येचा, चेहरा त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "पाहिलंस ना?" ती म्हणाली. "झालं तर मग. आता बाहेर बोलू नकोस."

दिसू लागल्याचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. रंग होते; ठीक होते. आभाळ लोक सांगत तेवढं काही विशेष नव्हतं. परवाना गेला तर मात्र दुसरं काही करता येणार नव्हतं, पण त्या विचाराचीही हल्ली भीती वाटत नसे. तो सकाळी उठून काळा चष्मा लावी आणि न बघण्याच्या कामाला लागे.

"तक्रार आलीय," साहेब पुढे येत म्हणाले आणि स्टुलावर धडकले. "हे इथं कधीपासून?"

"आहे तिथंच आहे साहेब."

"हं." साहेबांनी गुडघा चोळला. धडपडणाऱ्याला सावरायला हात पुढे होतात की नाही ते बघायचं असणार. दल-सूचे हात खाली लोंबत राहिले.

"किमचीसाठी मिरच्या घ्यायला गेला होतास म्हणे. काळपट तेवढ्या बाजूला काढत होतास."

"काळपट मिरची ओलसर लागते साहेब. बोटांना कळतं."

"बोटांना रंग कळतो?"

"ओल कळते."

साहेबांनी मान डोलावली. माक-ऱ्ये त्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "आंधळा होतास तेव्हा घरातलं एक काम केलं नाहीस. नेमकं आताच सुचलं?"

साहेब खाटेवर पालथे झाले. खांदे दगडासारखे झाले होते.

"फार ताण घेता तुम्ही."

"नोकरी आहे बाबा. तुला तुझ्या नोकरीची चिंता, मला माझ्या." मग उशीतूनच त्यांनी सहज विचारलं, "बाहेर बर्फ पडतोय काय रे?"

वरच्या झरोक्यातून बर्फ स्वच्छ दिसत होता. दल-सूचा अंगठा क्षणभरही थांबला नाही. "ते तुम्हीच सांगायचं साहेब."

"मी तुला विचारतोय."

"मला कुठलं कळायला?"



मालिश झाल्यावर दल-सूनं सातूचा चहा दिला. साहेबांनी दोन घोट घेतले आणि कप टेबलाच्या अगदी कडेला, अर्धा हवेत ठेवला. कप डुलला. दल-सूनं तो डुलताना पाहिला, पडताना पाहिला, आणि फुटल्यावर दचकला. दचकायची वेळ बरोबर साधली याचं त्याला थोडं समाधान वाटलं.

"माझ्या हातून पडला," साहेब म्हणाले. "माफ कर."

"कपच तो."

निघताना साहेबांनी दाराशी पाय चाचपले. एका पायात स्वतःचा काळा बूट चढवला, दुसऱ्यात माक-ऱ्येची गुलाबी सपात. चढवून शांतपणे उभे राहिले. दल-सूला आता त्यांचं कौतुक वाटायला लागलं. सरकारी माणूस एका मालिशवाल्यासाठी एवढी मेहनत घेतो. त्यानं पांढरी काठी घेतली. "रस्त्यापर्यंत येतो साहेब. पायऱ्या घसरड्या असतील."

"आणि निकालाचं काय, ते नाही विचारलंस?"

"तुम्ही सांगाल ते."

"मला तरी तू आंधळा वाटतोस," साहेब उदासपणे म्हणाले. अशा सुरात सुटकेची बातमी दल-सूनं कधी ऐकली नव्हती. "फाइल कार्यालयात जाऊन पुरी करावी लागेल. कशी ते बघू."

दोघं वर आले. रस्ता पांढरा झाला होता. डावीकडून जेवणाचे डबे पोचवणारी विजेवर चालणारी स्कूटर येत होती, मुळीच आवाज न करता. प्यो साहेबांनी एक गुलाबी पाऊल रस्त्यावर टाकलं, मग एक काळं. ते स्कूटरच्या वाटेत उभे राहिले आणि खिशातले हातमोजे काढू लागले.

दल-सूनं वाट पाहिली. आता मागे होतील, आता होतील. डबेवाल्यानं ब्रेक दाबला आणि चाक बर्फावरून तिरपं घसरत आलं. जिवावर बेतणारी युक्ती एवढ्याशा तक्रारीसाठी कुणी करत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि तोवर काठी टाकून त्यानं साहेबांची कॉलर धरून त्यांना मागे खेचलंही होतं.

स्कूटर निघून गेली. काठी नालीत पडली होती. चष्माही निघाला होता.

"दिसतं तर तुला," प्यो साहेब म्हणाले.

"हो."

दल-सूनं कॉलर सोडली. परवाना गेला, हे त्याला कळलं. वाटलं काहीच नाही. साहेबांनी काखेतली फाइल काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि दोन्ही त्याच्या दिशेनं, जरा बाजूलाच, पुढे धरली.

"बरं झालं. मग तूच वाचून भर, आणि सही कुठं करायची तिथं माझं बोट नेऊन ठेव. सकाळपासून हिंडतोय, सगळीकडे आंधळेच भेटले."