चार बोल्ट

स्वस्तातली छोटी मोटरसायकल सुट्या भागांत, खोक्यातून घरी आली. नवरा बाहेरच्या खोलीत ठाण मांडून ती जोडायला बसला. बायको माहितीपुस्तिका वाचून दाखवायची, तो पान्याने बोल्ट आवळायचा. चौथ्या दिवशी गाडी दिमाखात उभी राहिली. तो ती ढकलत बाहेर न्यायला गेला, तर हँडल दाराच्या चौकटीत अडकलं. सरळ जाईना, तिरकी जाईना. त्याचा पारा चढला.

"आता हँडल काढायचं म्हणजे सगळ्या वायरी पुन्हा सोडवा! त्यापेक्षा उद्याच गवंड्याला बोलावतो. दारच रुंद करून घेतो."

"एका दिवसात होईल हो?"

"न व्हायला काय झालं? नवी कोरी गाडी काय घरात कोंडून ठेवायची?"

तीन वर्षांपूर्वी ह्याच चौकटीत तिची व्हीलचेअर अडकली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "दार फोडायचं म्हणजे महिन्याची कटकट. आणि तुला जायचंय तरी कुठे?"

एकही वायर न सोडवता, नुसते चार बोल्ट सैल करून हँडलच्या दोन्ही बाजू खाली दुमडता येतात, असं पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं.

तेवढं पान तिने वाचून दाखवलं नाही.