अर्ध्यावर थांबलेला चमचा

उष्टावणाचा पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून रेवतीने भावाला, निरंजनला, आग्रहाने बोलावलं होतं. तिच्या मांडीवरच्या बाळाने तोंड उघडलं. निरंजनने खिरीचा चमचा पुढे केला आणि त्याचा हात वीतभर अलीकडेच थांबला.

"भरव ना रे," रेवती हसत म्हणाली.

हात हलेना. खीर दुपट्यावर ठिबकू लागली, तशी पाहुणेमंडळी मागे सरकली. निरंजनच्या डोक्यात लगाम आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रागाच्या भरात त्याच्या हातून एकाचा जीव गेल्यावर कोर्टाने तो मेंदूत बसवायला लावला होता. कुणाला इजा करायच्या हेतूने निघालेला हात लगाम वाटेतच थांबवायचा. एरवी निरंजन रोज भाजी चिरायचा, दाढी करायचा. लगाम कधी आड आला नव्हता.

"यंत्रच ते, बिघडलं असेल," रेवतीचा नवरा म्हणाला.

निरंजनने चमचा डाव्या हातात घेतला. तोही तिथेच अडला.

"ताई, शपथ, माझ्या मनात काही नव्हतं."

"मला माहीत आहे रे," रेवती म्हणाली. पण तिचा तळवा आपसूक बाळाच्या तोंडावर गेला होता.

निरंजन आपल्या हाताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, बाळाला माझ्यापासून लांब, आत घेऊन जा."