आठ हातांचा राक्षस

नऊ वर्षं दर मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञाच्या कोचावर पडून एसेकिएलला आपल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ सापडलं: आई. मग त्याने एक मालिका लिहिली. तिच्यात नायक जाईल तिथे आठ हातांचा एक मुका राक्षस त्याच्या पाठीशी येऊन उभा राहतो. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेसभर चर्चा झाली. समीक्षकांनी छातीठोकपणे सांगितलं, राक्षस म्हणजे लष्करशाही. टॅक्सीवाले म्हणाले, छे, महागाई! खरं काय ते एसेकिएलने कुणालाच सांगितलं नाही.

रविवारी तो नेहमीप्रमाणे आईकडे जेवायला गेला.

"मालिका बघतेस का गं?" त्याने जरा भीतभीतच विचारलं.

"एकही भाग चुकवला नाही." आईने न विचारता तिसऱ्यांदा त्याच्या ताटलीत रॅव्हिओली वाढली, वर चीज किसलं आणि जाता जाता त्याची कॉलर सरळ केली.

"मग, राक्षस कसा वाटला?"

"दया येते रे बिचाऱ्याची. चौदा भाग झाले, आठ हात घेऊन उभा आहे. तुझ्या त्या हिरोने त्यातला एक तरी हात कधी हातात घेतला का?"