दुसरी चौकट

आठवणी पुसून देणाऱ्या केंद्रात हेमलताबाई संगणकावर अर्ज भरत होत्या. ‘कोणाला विसरायचं आहे?’ या प्रश्नाखाली एकाच नावापुरती चौकट होती.

“अगं, पुरात माझ्या दोन्ही मुली गेल्या,” त्या शेजारी बसलेल्या, अर्जाचं पान बनवणाऱ्या शाल्मलीला म्हणाल्या.

शाल्मली ओशाळली. “थांबा काकू, दुसरी चौकट घालून देते.”

तिनं कोडमध्ये ओळ वाढवली, रुंदी सारखी केली. पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी आल्या.

“अशाच झोपायच्या दोघी,” हेमलताबाई पुटपुटल्या. मग त्यांनी दोन्ही नावं भरली आणि आत गेल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी शाल्मलीच्या गालावरून हात फिरवला.

“मला मूलबाळ नाही गं,” त्या हसून म्हणाल्या. “तुझ्यासारखी एखादी असती, तर बरं झालं असतं.”