चाळीस दिवसांची काच

प्रयोगशाळेतल्या ताटलीवरच्या पांढऱ्या ठिपक्याभोवती शिताएवढं रुंद रिंगण मोकळं होतं. अकरा वर्षं कुठल्याही औषधाला न जुमानणारे जंतू त्याच्या काठाशी थांबले होते. ठिपका होता यमुना पाडवीच्या त्वचेवरच्या साध्या, निरुपद्रवी जंतूंचा. डॉ. शर्वाणी टिळेकरने मोजपट्टी लावून नोंद केली. असं रिंगण दाखवणारी ही एकोणिसावी आई होती.

औषधं निकामी झाल्यापासून नियम होता: बाळ चाळीस दिवस काचपेटीत, आई बाहेर. तरी जंतू पेट्यांत शिरतच होते आणि बाळं दगावत होती. आईने छातीशी धरलं, तर तिचेच जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्ती करून घातक जंतूंना थोपवतील, असं शर्वाणी दोन वर्षं वरिष्ठांना लिहून पाठवत होती. दर वेळी ‘अधिक अभ्यास करावा’ असं उत्तर यायचं आणि ती ते मानायची.

ती वॉर्डात आली. यमुना सातव्या पेटीला चिकटून उभी होती. आत तिची दोन दिवसांची लेक मूठ चोखत होती.

“डॉक्टरीणबाई, सकाळी सहावी पेटी पुसून ठेवलीत. आता माझ्या पोरीची पाळी का?”

“काच जपतेय तिला,” डाबरे सिस्टर म्हणाल्या.

“काचेला पान्हा फुटतो का हो, सिस्टर?”

शर्वाणीने खिशातून पेट्यांची किल्ली काढली. सिस्टरांनी तिचा हात धरला.

“मॅडम, नोकरी तर जाईलच, वर तुरुंगात टाकतील.”

“टाकू देत,” शर्वाणी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “एकूण एक पेटी उघडा, सिस्टर. बाळं आयांच्या छातीवर द्या.”