चालतं इंजिन

मासळीची पाटी मांडवीभर फिरवून शेवंती घरी टेकली, की नवरा चहा द्यायचा. बाकी सगळं विसरत चाललेल्या हातांना तेवढं आठवत होतं. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाची बारीक इंजिनं ऊर्जा बनवतात. त्यांना गंजू न देणारी अँटिऑक्सिडंटची केशरी कॅप्सूल रोज द्या, गुण आला तर आला. सकाळी ती त्याच्या तळहातावर ठेवून शेवंती बाजार गाठायची. आज तो चहा ढवळायला विसरला, म्हणून पेल्यात केशरी भुकटी तरंगताना दिसली. “अवो, तुमचं औषध माझ्या चहात?” जन्मभर ट्रॉलरचं इंजिन सांभाळलेला माणूस म्हणाला, “बंद पडणाऱ्या इंजिनात तेल कशाला ओतू गो? रोज घालतो, घर ओढतंय त्यालाच.” तिने चहा संपवला, दुसरी कॅप्सूल त्याच्या जिभेवर ठेवली आणि तो गिळेपर्यंत उठली नाही.