पाय की माशा

“पाय मारतेस की माशा मारतेस?” मास्तरांनी मागे न बघता विचारलं.

“माशा,” मागच्या सीटवरून बायको म्हणाली आणि दात आवळून पायडल दाबलं.

चढ असा, की शेळीनेही घरी सांगून मगच चढावा. वारा समोरून, आणि एवढा दांडगा, की मास्तरांचं बोलणं तिच्या कानाला घासून मागच्या दरीत पडायचं. तिथल्या मेंढरांना एव्हाना मराठी येऊ लागलं असेल. दोन सीटच्या त्या लांबलचक जोडसायकलीवर तंबू, शेगडी, भांडी, अंथरुणं असा सगळा संसार लादलेला. पुढे मास्तर, हँडल, ब्रेक, घंटी, सगळा कारभार त्यांच्याकडे. मागे ती, आणि तिच्यासमोर नवऱ्याची पाठ. परका मुलूख बघायला म्हणून आली आणि बघत होती तो स्वतःच शिवलेला शर्ट. मापात शिवलेला. खांद्याची शिवण आता दंडावर उतरली होती.

मास्तर म्हणजे मोटार ड्रायव्हिंगचे मास्तर. शिकाऊ माणूस गांगरला की हे शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक हळूच दाबायचे आणि वर म्हणायचे, “वा, छान थांबवलीत.” तो बिचारा खूश होऊन घरी जायचा. छातीचं ऑपरेशन झालं आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून जे पडले, ते ही सायकल दारात येईपर्यंत वळले नाहीत. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, बसवून कुठेही न्या, पण जोर लावू देऊ नका.

तिने लावू दिला नाही. दोन्ही पायडलं साखळीने एकमेकांना बांधलेली. मागून ती रेटायची, पुढे मास्तरांचे पाय आपोआप गरगरायचे आणि मास्तरांना वाटायचं, आपणच ओढतोय. शिलाई मशीनवर जन्म गेलेला, पायांची तिला फिकीर नव्हती. पंचाईत धापेची. धाप लपवायला ती खोकल्याचं सोंग करायची. मास्तर म्हणायचे, नुसतं बसून राहिल्यावर थंडी बाधणारच. संध्याकाळी तंबूत ती त्यांचे पाय चेपून द्यायची आणि म्हणायची, “आज छान ओढलंत.” त्यांना कळलं, की पुन्हा ती भिंत. एवढ्या एका भीतीवर ती डोंगर चढत होती.

वळणावर पाण्याचा नळ होता, तिथे थांबले. पायथ्यापासून मागे मागे येणारा एक लाल दाढीवाला सायकलस्वारही येऊन थांबला. भाषा एकमेकांची कळायची नाही, म्हणून मास्तरांनी आपला नेहमीचा खेळ सुरू केला. स्वतःच्या मांडीवर थाप मारली, दंड फुगवून दाखवला. मग बायकोकडे बोट करून गालाखाली हात ठेवला आणि घोरून दाखवलं. जिथे जिथे तंबू ठोकला, तिथे या खेळाला लोक पोट धरून हसले होते.

दाढीवाला हसला, पण भलत्याच जागी. पिशवीतून त्याने मोठंसं सफरचंद काढलं, अदबीने वाकून तिच्या हातात ठेवलं आणि तिच्या पोटऱ्यांकडे बघून अंगठा वर केला. मग मास्तरांकडे वळून डोळे मिचकावले आणि हवेत दोन बोटं त्यांच्या पायांसारखी सैल, अगदी सैल गरगर फिरवली. त्याला वाटलं, ही या दोघांची आपसातली गंमत आहे. मास्तरांचा खांदा थोपटून तो पुढे निघून गेला.

तिने अर्धं सफरचंद पुढे केलं. मास्तरांनी घेतलं नाही. पाणीही प्यायले नाहीत.

पुन्हा चढ. एक वळण गेलं, नेहमीचा माशांचा प्रश्न आला नाही. दुसरं गेलं. वारा समोरून होता, त्यांनी नुसतं पुटपुटलं असतं तरी तिला ऐकू आलं असतं. ती वाट बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, टोमणा मारावा या माणसाने.

मग मास्तरांचा उजवा बूट पायडलवरून सुटला आणि बाजूला लोंबू लागला. पाठोपाठ डावा. कुणीतरी डबलसीट नेत असलेल्या पोरासारखे ते दोन्ही पाय फाकवून बसले आणि मान खाली घालून बघू लागले. पुढची रिकामी पायडलं फिरत होती. सायकल चढतच होती.

थांबली असती तरी त्यांना कळलं असतं, आणि न थांबताही कळतच होतं. ती थांबली नाही. खोकली मात्र नाही. धाप होती तशी बाहेर येऊ दिली.

“कधीपासून?” मास्तरांनी विचारलं.

“वाऱ्यात ऐकू येत नाही,” ती म्हणाली.

मग मास्तर म्हणाले, “छान ओढलंत, म्हणायचीस. माझं वाक्य मलाच.”

ती रेटत राहिली.

“आता तू विचार,” ते म्हणाले.

“काय विचारू?”

“मी विचारतो ते.”

नको म्हणून बघितलं तिने. पण ती पाठ तशीच वाट बघत राहिली. शेवटी श्वास सापडेल तसं, तुटक तुटक, तिने वाऱ्याच्या तोंडावर विचारलं, “पाय मारताय... की माशा?”

मास्तरांनी एक हात हँडलवरून उचलला आणि त्या गारठ्यात, जिथे माशी औषधालाही नव्हती, हवेतच एक हलकीशी चापट मारली.

दंडावर उतरलेली शिवण वाऱ्यात फडफडली. पाय मात्र त्यांनी पुन्हा पायडलवर घेतले नाहीत.